जॉर्ज हेवेशी : अणूस खूण बांधणारा शास्त्रज्ञ

वैद्यकाच्या इतिहासांत न्यूयॉर्क शहरांतील एका रोग्याची हकीकत नमूद आहे. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि प्रमाणाबाहेर काम करूं लागली म्हणजे माणूस वाळत जातो, त्याचे हात कांपतात, छाती धडधडते, आणि पोटभर जेवूनहि अंग धरत नाहीं. हीं लक्षणें त्या रोग्याच्या ठिकाणीं स्पष्ट दिसत होतीं. पण आश्चर्य असें कीं, त्याची थायरॉईड ग्रंथि शस्त्रवैद्यांनीं पूर्वींच काढून टाकलेली होती! ज्या घरांत चूलच नाहीं त्या घरांतून धूर निघावा, तसाच हा प्रकार होता. डॉक्टर साइडलिन व त्यांचे सहकारी यांनीं त्यास किरणोत्सर्गी आयोडीन अल्प प्रमाणांत दिलें, व तें शरीरांत कोठें जाऊन बसतें हें किरण मोजणाऱ्या यंत्रानें तपासलें. आयोडीन ही थायरॉईड ग्रंथीची आवडती वस्तु. तें गळ्यांत न थांबतां शरीराच्या इतर भागीं जाऊन सांठलेलें आढळलें. त्यावरून असें कळलें कीं, त्या ग्रंथीच्या कर्करोगाचें बीज फार पूर्वींच शरीरांत दूरवर रुजलें होतें, व तेथें बसून तें मूळ ग्रंथीचें काम करीत होतें. ही हकीकत १९४६ सालीं प्रसिद्ध झाली.

सुरी न लावतां, शरीर न उघडतां, आंतील चोराचा पत्ता लावण्याची ही युक्ति प्रथम कोणास सुचली? ज्यास सुचली तो डॉक्टर नव्हता. तो एक रसायनशास्त्रज्ञ होता. आणि ती त्यास सुचली ती एका यशांतून नव्हे, तर एका पुऱ्या फसलेल्या कामांतून. त्या पुरुषाचें, जॉर्ज हेवेशी यांचें, चरित्र आज आपण पाहूं.

जॉर्ज हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजीं हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथें झाला. घराणें मूळचें ज्यू वंशाचें, पण कॅथलिक धर्म स्वीकारलेलें व चांगलें सधन होतें. आठ भावंडांत जॉर्ज पांचवा. त्याचें शालेय शिक्षण पिआरिस्ट नांवाच्या ख्रिस्ती धर्मसंघानें चालविलेल्या शाळेंत झालें. पुढें बुडापेस्ट व बर्लिन येथें कांहीं काळ शिकून तो जर्मनींतील फ्रायबुर्ग विद्यापीठांत गेला, व तेथें १९०८ सालीं त्यानें डॉक्टर ही पदवी मिळविली. घरच्या संपत्तीवर स्वस्थ बसून खाणें त्यास अशक्य नव्हतें. परंतु त्यानें ज्ञानाच्या मागें गांवोगांव हिंडण्याचा मार्ग पत्करला. झुरिक झालें, कार्ल्सरूह झालें, आणि १९११ सालच्या सुमारास तो इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं प्रोफेसर अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेंत येऊन दाखल झाला.

अणूच्या पोटांत काय आहे याचा शोध त्या प्रयोगशाळेंत चालला होता. तेथें आस्ट्रियाच्या सरकारकडून आलेला शिशाचा मोठा सांठा पडून होता. हें शिसें युरेनियमच्या खनिजांतून निघालेलें असून त्यांत रेडियम-डी नांवाचा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला होता. तो हातीं लागता तर प्रयोगांस फार उपयोगी पडता. पण सभोंवारचें शिसेंच त्याचे किरण गिळून टाकी. तेव्हां रदरफोर्ड यांनीं या तरुणावर काम सोंपविलें तें असें कीं, त्यानें शिशांतून रेडियम-डी वेगळें करून दाखवावें.

हेवेशी यांनीं कंबर बांधली. विरघळवून पाहिलें, तापवून पाहिलें, स्फटिक करून पाहिले, विजेचा प्रवाह सोडून पाहिला. रसायनशास्त्राला ठाऊक असलेल्या युक्त्या एकामागून एक संपल्या. महिन्यांमागून महिने गेले. शिसें व रेडियम-डी यांची फारकत कांहीं होईना. शेवटीं, आपण हरलों, असें या तरुणास मनाशीं कबूल करावें लागलें. परदेशांत, एवढ्या थोर गुरूसमोर, पहिल्याच मोठ्या कामांत अपयश यावें, याचें दुःख केवढें असेल याची कल्पना परीक्षेच्या यादींत आपलें नांव शोधून न सांपडलेल्या विद्यार्थ्यास सहज करतां येईल.

परंतु येथेंच या पुरुषाचें मोठेपण दिसून येतें. आपण हरलों एवढें म्हणून तो थांबला नाहीं; आपण कां हरलों, असें त्यानें स्वतःस विचारलें. हे दोन पदार्थ कोणत्याहि उपायानें वेगळे होत नाहींत, याचा अर्थ रासायनिक दृष्ट्या ते एकच असले पाहिजेत. आणि खरोखर तसेंच होतें. रेडियम-डी हें शिशाचेंच एक भावंड. रंग, रूप, गुण, वर्तन सर्व शिशाचें. फरक इतकाच कीं त्याचा अणु किरण सोडतो. अशा भावंडांस आज आपण समस्थानिक म्हणतों. मग हेवेशी यांच्या मनांत उलट विचार आला. जो सोबती कधींहि साथ सोडीत नाहीं, तो आपल्या सोबत्याचा पत्ताहि लपवूं देणार नाहीं! शिशांत थोडें रेडियम-डी मिसळावें, तें शिसें कोठेंहि जाऊं द्यावें. किरण मोजणारें यंत्र लावलें कीं तें कोठें आहे व किती आहे हें तत्काळ कळेल. मेंढपाळ कळपांतल्या एका मेंढीच्या गळ्यांत घांट बांधतो, आणि अंधारांतहि कळप कोणीकडे गेला हें त्यास कळतें; तसाच हा प्रकार होय.

याच काळांतील एक गमतीची गोष्ट हेवेशी उतारवयांत सांगत असत. मँचेस्टरमध्यें ते ज्या खाणावळींत राहत, तेथील मालकीणबाई पानांत उरलेलें अन्न पुढच्या दिवसांत पुन्हां वाढतात असा त्यांना संशय होता. बाई तें नाकबूल करीत. एके रविवारीं हेवेशी यांनीं आपल्या पानांत उरलेल्या अन्नावर किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश टाकून ठेवला, आणि पुढें एके दिवशीं जेवणाच्या टेबलावर विद्युद्दर्शक यंत्र आणून ठेवलें. वाढलेल्या पदार्थाजवळ नेतांच यंत्रानें ग्वाही दिली. बाईंची लबाडी उघडी पडली. (कोणाच्या अन्नांत कांहीं टाकण्याचा असा प्रयोग आज कोणींहि करूं नये, व आज तो कोणी करूंहि देणार नाहीं, हें आमच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें!) गोष्ट विनोदाची खरी, पण शास्त्राची सबंध युक्ति तींत आली आहे. खूण बांधा, वाट पाहा, आणि खूण कोठें निघते तें शोधा.

पुढें हेवेशी व्हिएन्ना येथील रेडियम संस्थेंत गेले. तेथें फ्रिट्झ पानेथ हा दुसरा तरुण शास्त्रज्ञ त्याच न फुटणाऱ्या भिंतीवर डोकें आपटून थकलेला होता. दोघां हरलेल्यांनीं हात मिळविले, आणि १९१३ सालीं या नव्या युक्तीचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यांत जवळजवळ न विरघळणारे शिशाचे क्षार नेमके किती विरघळतात हें त्यांनीं किरणांच्या साक्षीनें मोजून दाखविलें. कोणत्याहि तराजूस जें वजन कळलें नसतें तें या साक्षीनें कळलें.

इतक्यांत पहिलें महायुद्ध आलें, व त्यांना लष्करांत नोकरी करावी लागली. युद्धानंतर हंगेरींत अंदाधुंदी माजली. तेव्हां १९२० सालीं ते डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन येथें प्रोफेसर नील्स बोर यांच्या संस्थेंत गेले. तेथें डर्क कॉस्टर यांच्यासह त्यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें ७२ क्रमांकाचें मूलद्रव्य शोधून काढलें. कोपनहेगनच्या प्राचीन लॅटिन नांवावरून त्यास हाफ्नियम असें नांव देण्यांत आलें. हा शोध १९२३ सालीं जाहीर झाला. एवढ्यावरच दुसरा एखादा जन्मभर तृप्त राहिला असता. पण हेवेशी यांचें चित्त आपल्या जुन्या खुणेकडे लागलें होतें.

त्याच १९२३ सालीं त्यांनीं वालाच्या जातीच्या एका शेंगेचीं रोपें शिशाच्या क्षाराच्या पाण्यांत उभीं केलीं. त्या शिशास किरणोत्सर्गी खूण बांधलेली होती. मग मूळ, खोड व पानें वेगवेगळीं जाळून त्यांची राख तपासली. बहुतेक शिसें मुळांतच अडकतें, वर फार थोडें चढतें, असें दिसलें. सजीव वस्तूच्या आंत पदार्थाचा प्रवास डोळ्यांआड असतांहि मोजला गेला, तो हा पहिला प्रसंग होय. त्यानंतर प्राण्यांवरहि प्रयोग झाले. परंतु एक अडचण होती. शिसें हें विष आहे. शरीरास त्याची गरज नाहीं. शरीराच्या नित्याच्या व्यवहारांतील पदार्थांस खूण बांधतां येईल तरच खरें रहस्य कळावें.

ती संधि लवकरच आली. हायड्रोजनचा एक जड समस्थानिक अमेरिकेंत सांपडला व त्यापासून जड पाणी मिळूं लागलें. हेवेशी यांनीं १९३४ सालीं आपले सहकारी होफर यांच्यासह त्याचा उपयोग करून मनुष्याच्या शरीरांतील पाण्याचा हिशेब केला. साध्या पाण्यांत थोडें जड पाणी मिसळून तें पिण्यांत आलें, आणि तें लघवीवाटे किती दिवसांत बाहेर येतें हें पाहिलें. आपण प्यालेल्या पाण्याचा कण शरीरांत सरासरीनें सुमारें १३ दिवस वस्ती करतो, असें त्यांस आढळलें.

त्याच वर्षीं पॅरिस येथें मादाम क्यूरींची कन्या ईरेन व जांवई फ्रेडेरिक झोलिओ यांनीं साध्या मूलद्रव्यांपासून कृत्रिम किरणोत्सर्गी मूलद्रव्यें बनविण्याचा मार्ग दाखविला. आतां शरीराच्या ओळखीचा जवळजवळ कोणताहि पदार्थ खूण बांधून आंत पाठवितां येणार होता. हेवेशी यांनीं फॉस्फरस घेतला. १९३५ सालीं त्यांनीं व डॉक्टर किएविट्झ यांनीं उंदरांस खूण बांधलेला फॉस्फरस खाऊं घातला, व त्यांचीं हाडें तपासलीं. तोंपर्यंत लोकांची समजूत अशी होती कीं, वाढ पुरी झाल्यावर हाड म्हणजे घराच्या दगडी जोत्यासारखें स्थिर असतें. परंतु नवा फॉस्फरस हाडांत शिरतो व जुना बाहेर पडतो, असें दिसून आलें. हाड हें दगडी जोतें नव्हे. तो वाहत्या नदीसारखा आहे. नदी तीच दिसते, पण पाणी नित्य निराळें. आपलें शरीर रात्रंदिवस नवें होत असतें, हें ज्ञान जगास या प्रयोगानें दिलें.

या सुखाच्या दिवसांवर दुष्टतेची छाया पडली होती. हेवेशी १९२६ सालापासून फ्रायबुर्ग येथें प्रोफेसर होते. जर्मनींत हिटलरचें राज्य आलें, ज्यू वंशाच्या विद्वानांचा छळ सुरू झाला, आणि १९३४ सालीं ते तें पद सोडून पुन्हां कोपनहेगनला आले. पण १९४० च्या एप्रिलमध्यें जर्मन सैन्य तेथेंहि येऊन थडकलें. बोर यांच्या संस्थेंत माक्स फॉन लाउए व जेम्स फ्रांक या दोघां जर्मन शास्त्रज्ञांचीं सोन्याचीं नोबेल पदकें सांभाळण्यास ठेवलेलीं होतीं. जर्मनींतून सोनें बाहेर नेणें हा भयंकर गुन्हा होता, आणि पदकांवर नांवें कोरलेलीं. तीं सांपडतीं तर लाउए यांच्या जिवावर बेततें. सैन्य रस्त्यांतून चाललें असतां हेवेशी यांनीं तीं पदकें अम्लराजांत विरघळविलीं, व तें द्रावण फळीवर इतर बाटल्यांच्या रांगेंत ठेवून दिलें. शिपायांनीं संस्था धुंडाळली, पण बाटलीकडे कोणी पाहिलें नाहीं. युद्ध संपल्यावर त्या द्रावणांतून सोनें परत काढण्यांत आलें, व त्याचीं पदकें पुन्हां ओतवून मालकांस दिलीं गेलीं. जें दिसत नाहीं तें नाहींसें झालें असें समजूं नये, हा धडा ज्याच्या अंगीं मुरला होता त्यासच ही युक्ति सुचावी!

१९४३ सालीं त्यांना डेन्मार्कांतूनहि पळून स्वीडनमध्यें आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षाचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना समस्थानिकांची खूण बांधून रासायनिक घडामोडींचा मागोवा घेण्याच्या कार्याबद्दल देण्यांत आलें. तें १९४४ सालीं जाहीर झालें. म्हणजे ज्या कामांत ते तरुणपणीं हरले होते, त्याच कामाच्या पोटीं हा सन्मान जन्मास आला. पुढें स्टॉकहोम येथें त्यांनीं रक्ताविषयीं व किरणांच्या परिणामांविषयीं पुष्कळ संशोधन केलें. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाबद्दलचें पारितोषिकहि १९५९ सालीं त्यांस अर्पण झालें. ५ जुलै १९६६ रोजीं फ्रायबुर्ग येथें, वयाच्या ८० व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. २००१ सालीं त्यांच्या अस्थि मायभूमींत नेऊन बुडापेस्ट येथें पुरण्यांत आल्या. जन्मभर देशोदेशीं भटकलेला हा पुरुष अखेर घरीं आला.

त्यांच्या युक्तीचें पुढें काय झालें? किरणांचें चित्र काढणारा गॅमा कॅमेरा १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हॅल अँगर यांनीं तयार केला. १९७६ सालीं खूण बांधलेली एक प्रकारची साखर प्रथम माणसास टोंचून तिचा शरीरांतील वावर पाहण्यांत आला. जेथें पेशींचें काम जोरांत चालतें तेथें साखर अधिक खपते. म्हणून कर्करोगाच्या गांठी व दाह झालेले भाग या चित्रांत उजळून दिसतात. या तपासणीस पेट असें म्हणतात. परंतु हें चित्र धूसर असतें. रात्रीं टेंकडीवरून गांवाकडे पाहिलें तर कोठें तरी दिवा लागला आहे एवढें दिसतें, पण तो कोणाच्या घरचा हें कळत नाहीं. उलट, सीटी नांवाचें क्ष-किरण चित्र म्हणजे गांवाचा रेखीव नकाशा. त्यांत घरें सर्व दिसतात, पण दिवा कोणत्या घरीं आहे हें त्यास ठाऊक नसतें. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें हीं दोन्ही यंत्रें एकत्र जोडून नकाशावर दिवा दाखविणारें पहिलें पेट-सीटी यंत्र चालूं झालें.

याचा उपयोग विशेषेंकरून विलक्षण रोग्यांस होतो. एक उदाहरण देतों. एखाद्या माणसाचीं हाडें दुखूं लागतात, पुढें तीं सहज मोडतात, चालणें कठीण होतें. रक्तांत फॉस्फेट फार कमी असतें, पण कां, तें कळत नाहीं. वर्षांमागून वर्षें जातात. हा संधिवात आहे, हा मनाचा खेळ आहे, असें लोक म्हणूं लागतात. यांपैकीं कांहीं रोग्यांच्या पायांत, जबड्यांत किंवा अन्यत्र वाटाण्याएवढी एक गांठ दडलेली असते. ती एक द्रव्य रक्तांत सोडते, व त्यामुळें फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातें. गॅलियम नांवाच्या धातूच्या किरणोत्सर्गी समस्थानिकाची खूण बांधलेलें औषध टोंचून पेट-सीटी केलें असतां ती गांठ पुष्कळदां दिव्यासारखी उजळते. शस्त्रवैद्य ती समूळ काढतो, आणि अंथरुणास खिळलेला माणूस कांहीं महिन्यांनीं आपल्या पायांवर चालूं लागतो. हेवेशी यांनीं उंदराच्या हाडांत ज्या फॉस्फरसचा माग काढला, त्याचीच ही पुढची कथा नव्हे काय? तसेंच, दिवसेंदिवस ताप येतो पण कारण सांपडत नाहीं, अशा रोग्यांत मोठ्या रक्तवाहिन्यांचा दाह किंवा एखादी दडलेली गांठ या चित्रानें कळून येते.

मात्र पालकांनीं हेंहि जाणावें कीं, ही विद्या सर्वज्ञ नव्हे. दिवा दिसला म्हणून तो चोरानेंच लावला असें होत नाहीं. क्षयासारख्या रोगानें सुजलेली गांठहि कर्करोगाप्रमाणेंच उजळते. म्हणून त्या जागेचा तुकडा काढून तपासणें व रोग्याची हकीकत नीट ऐकणें हें डॉक्टरांस चुकत नाहीं. शिवाय किरण थोडे असले तरी ते किरणच. गरज असेल तरच त्यांचा उपयोग करतात.

आपल्या देशांतहि ही विद्या लवकर आली, आणि ती आपल्या मुंबईच्या वाटेनें आली. तुर्भे येथें अप्सरा नांवाची अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं प्रथम सुरू झाली. पुढें १९६३ सालीं अणुशक्ति खात्यानें मुंबईंत किरणोत्सर्गी वैद्यकाचें केंद्र स्थापन केलें. तें परळ भागांत आहे. भारतांतील पहिलें पेट यंत्र २००२ सालीं याच केंद्रांत चालूं झालें. परळच्या त्या रस्त्यानें जातांना कोणाच्या मनांत तरी येत असेल काय, कीं आंत रोगी ज्या युक्तीच्या आधारें आशा धरून बसले आहेत, ती मँचेस्टरच्या एका फसलेल्या प्रयोगांतून निघाली?

विद्यार्थी मित्रहो, या चरित्राचें सार एवढेंच. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या वाट्यास एखादें न सुटणारें गणित, न जमणारें काम येणार आहे. तें पाटीवरून पुसून टाकून निसटणें सोपें असतें. हेवेशी यांनीं तसें केलें नाहीं. जें वेगळें होत नाहीं तें कां होत नाहीं, असें त्यांनीं शांतपणें विचारलें, आणि त्या उत्तरांतून हजारों रोग्यांच्या दडलेल्या दुःखाचा पत्ता लागला. या वर्षीं ज्यांस यश मिळालें त्यांचें अभिनंदन. पण ज्यांस मिळालें नाहीं त्यांच्या हातीं हें पान मी अधिक प्रेमानें देतों. सुट्टींत आपली चुकलेली उत्तरपत्रिका एकदां समोर घेऊन बसा. आपलें शिसें कदाचित् तेथेंच असेल.